शेवाळी फटफटी

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपच्या पुढच्या भागात लोखंडी जिने, गेटं, टाक्यांचे स्टँड असलं पोटापाण्याचं काम चालतं आणि मागच्या शेडमध्ये माझ्या नवऱ्याचं वेड राहतं. वेड म्हणजे जुन्या मोटरसायकली. कुणाच्या गोदामात नाहीतर शेतावर वर्षानुवर्षं पडून राहिलेलं धूड तो आणतो, खोलतो, एकेका भागासाठी जगभर ईमेल पाठवत बसतो आणि शेवटी ते चालू करून मालकाच्या हवाली करतो. मालक खूश होऊन त्याला मिठी मारतात. पुढच्या भागातलं गिऱ्हाईक मात्र गेट वेळेवर मिळालं नाही म्हणून मला फोनवर झापत असतं. ऑफिस मी सांभाळते, त्यामुळे मिठ्या त्याच्या आणि बोलणी माझी, अशी आमची वाटणी आहे.

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात एक अमिराती गृहस्थ पिकअपमध्ये घालून एक मोटरसायकल घेऊन आले. साठीच्या पुढचे, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, बोटांत मण्यांची माळ, आणि आवाज इतका खालचा की शेजारचा ग्राइंडर बंद करायला सांगावं लागलं. इथल्या त्या पिढीतल्या बऱ्याच लोकांना हिंदी येते, तशी त्यांनाही येत होती.

“दूसरी लड़ाई का गाड़ी है,” ते म्हणाले. “शारजा में अंग्रेज़ फ़ौज का एअरपोर्ट था ना, उधर का. वो लोग चला गया, ये पड़ा रहा. मेरा बाप ले आया खजूर के बाग़ में. बहुत चलाया. फिर गाड़ी बंद हुआ, फिर बाप गया. अभी इसके ऊपर मुर्गी सोता है.”

मग त्यांनी आपली अट सांगितली. “इंजन चालू करो. बाक़ी किसी चीज़ को हाथ नहीं. पेंट नहीं, पॉलिश नहीं. जैसा मेरा बाप छोड़ के गया, वैसा चाहिए.”

नवऱ्याने मान डोलावली. जुन्या गाड्यांच्या जगात हा एक मोठा वाद आहे म्हणे. काही जण गाडी क्रोम चढवून, नवा रंग मारून, नटवून मागतात. दुसरे म्हणतात, रंग उडालाय तो उडालेलाच राहू द्या, पोचा आलाय तो असू द्या, कारण एकदा घासून काढलेलं परत आणता येत नाही. आमचे अरबाब या दुसऱ्या पंथातले. अरबाब म्हणजे इथल्या बोलीत मालक, आणि वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना तेच म्हणायला लागले.

गाडी विलायती बनावटीची, एका सिलिंडरची, चांगली दणकट होती. अंगावर वाळूच्या रंगाचा थर आणि त्याचे जागोजाग टवके उडून गंज दिसत होता. पुढच्या दिव्यावर पत्र्याचं झाकण, त्यात बारीकशी चीर, वरून जाणाऱ्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून. मागच्या चाकावर बसायला गादी नव्हती, नुसता लोखंडी कॅरियर. लढाईत या गाड्यांवरून फौजेचे निरोप जायचे. निरोप्या एकटाच असायचा, त्याच्या मागे कोण बसणार!

त्याच महिन्यात मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इकडे आणलं. आई गेल्यावर ते कराडच्या घरी एकटे राहत होते आणि फोनवर रोज “मी मजेत आहे” असं इतक्या तत्परतेने सांगायचे की मला शंका यायला लागली. ऐंशी ओलांडलेला माणूस. मी हट्टाने व्हिजिट व्हिसा काढला. दिवाळी करून परत जायचं असं ठरलं. इथे आल्यावर ते अगदी शहाण्यासारखे राहिले आणि तेच मला सोसेना. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायचे. काही मागायचे नाहीत. चहा थंड झाला तरी तसाच प्यायचे. आई असती तर त्यांनी तो दोनदा परत पाठवला असता. मला माझे किरकिरे अण्णा हवे होते.

शेवटी एक दिवस त्यांना गाडीत घातलं आणि वर्कशॉपला नेलं. वेल्डिंगच्या उजेडाचा त्रास नको म्हणून मागच्या शेडमध्ये खुर्ची टाकून दिली. थोड्या वेळाने चहा घेऊन गेले तर खुर्ची रिकामी आणि अण्णा त्या मोटरसायकलसमोर उकिडवे बसलेले. उकिडवं बसायला डॉक्टरांनी त्यांना सक्त मनाई केली होती.

“पोरी,” ते म्हणाले, “ही फटफटी तीच ना?”

“तीच म्हणजे?”

“आमच्या वडिलांची. तसली.”

अण्णा स्वतःच्या वडिलांबद्दल नेहमी असंच बोलतात, ‘आमचे वडील’, कचेरीतल्या साहेबाबद्दल बोलावं तसं. घरगुती हाक त्यांच्याकडे नाही, कारण हाक मारायची वेळच आली नाही. माझे आजोबा फौजेत निरोपे होते, मोटरसायकलवरून कागद पोचवायचे. अण्णांचा जन्म होण्याआधी ते बोटीत बसून लढाईवर गेले आणि इटलीतल्या कुठल्याशा डोंगरात राहिले. तार आली तेव्हा अण्णा रांगत होते. आजोबांचा एकही फोटो नाही. उरली आहे ती एकच गोष्ट. ती आजीने अण्णांना सांगितली, अण्णांनी मला आणि मी माझ्या मुलीला.

बोटीवर चढण्याआधी आजोबा पुण्याच्या छावणीत होते. एकदा त्यांना काहीतरी कागद द्यायला साताऱ्याला पाठवलं आणि ते वाट वाकडी करून गावी आले. गावाने तोवर मोटरसायकल पाहिली नव्हती. पोरं मागे धावली, बैल बुजले, मारुतीच्या पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. आजोबांनी घरात भाकरी खाल्ली आणि निघताना आजीला म्हणाले, बस मागे. भर गावात, चारचौघांच्या देखत. आजी सांगायची, “मी म्हणलं जीव गेला तरी बसायची नाही. आणि मग बसले.” त्या लोखंडी कॅरियरवर पोत्याची घडी टाकून वेशीपासून ओढ्यापर्यंत. ओढ्यापाशी त्यांनी तिला उतरवलं, पाण्यातून गाडी घातली आणि पलीकडे गेले. आजीने त्यांना पाहिलं ते तेवढंच.

हे सांगून झालं की ती अण्णांच्या डोक्यात टपली मारायची. “तू पण होतास की रं! माझ्या पोटात.”

ती फटफटी शेवाळी होती, असं आजी म्हणायची. ओढ्यातल्या दगडावर शेवाळ असतं त्या रंगाची. अण्णा पुढे शाळेत चित्रकलेचे मास्तर झाले. जत्रा असो, आठवडी बाजार असो की झेंडावंदन, त्यांनी रंगीत खडूंनी फळ्यावर काढलेल्या प्रत्येक देखाव्याच्या कोपऱ्यात एक शेवाळी फटफटी उभी असायची. मुलांना वाटायचं ती मास्तरांची सही आहे. एका इन्स्पेक्टरने विचारलंही होतं की झेंडावंदनाला मोटरसायकल कशाला, तर अण्णा म्हणाले, कुणाची तरी असेल.

त्यामुळे आमच्या शेडमधल्या गाडीबद्दल त्यांची पहिल्या दिवसापासून एकच तक्रार होती. “जावईबापू, हिचा रंग चुकलाय.”

“अण्णा, वाळवंटातल्या गाड्यांना असाच रंग असायचा,” नवरा म्हणाला.

“आमच्या आईने डोळ्यांनी पाहिलीये. शेवाळी होती.”

“ती वेगळी असेल.”

“गाडी तसलीच. शेवाळी.”

शनिवारी आमची मुलगी आली. ती दुबई मरीनाला नोकरी करते आणि मराठी समजत असूनही उत्तर इंग्रजीत देते. तिला पंच नेमलं तर तिने गाडीकडे बघून निकाल दिला, “आजोबा, धिस इज बेज. टोटली बेज.”

“बेज म्हणजे काय?”

“बेज इज... लाइक, धिस ओन्ली!”

“याला आमच्यात मळकट म्हणतात,” अण्णा म्हणाले आणि विषय संपवला.

मग ते रोज यायला लागले. शेडमधल्या कामाचा मुख्य माणूस म्हणजे आमचा मिस्त्री, पेशावरकडचा पठाण. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. उस्ताद इंजिन खोलत होता आणि अण्णा शेजारी बसून पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एकेका भागाचं चित्र काढत होते. नवऱ्याने सगळ्याचे फोटो मोबाइलवर घेतलेच होते, पण उस्ताद मुद्दाम अण्णांच्या पुठ्ठ्यात बघून भाग जुळवायचा. इंजिनातून वाळू निघाली, कोंबडीची पिसं निघाली, एक मेलेली पाल निघाली. अण्णांना घरी आल्यावर सांगायला विषय झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी माझा चहा परत पाठवला, साखर कमी म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन साखर घालता घालता एकटीच हसत होते.

“ही चालू झालेली ऐकली की मी जायला मोकळा,” ते एकदा म्हणाले.

“कुठे जायला?” मी तडकून विचारलं.

“कराडला. तूच तिकीट काढलंयस ना?” मग थोडं थांबून म्हणाले, “अगं, आमच्या वडिलांचं मला दुसरं काय मिळणार आहे? आवाज तरी मिळेल.”

त्या रात्री मी नवऱ्याला बजावलं की जगातली सगळी गेटं उशिरा झाली तरी चालतील, ही मोटरसायकल दिवाळीच्या आत चालू झाली पाहिजे. तो म्हणाला, हे तू लिहून दे. इंजिन बांधून तयार झालं होतं, पण ठिणगी देणारा मॅग्नेटो बाहेर वाइंडिंगला गेला होता आणि तो काही येईना.

तेवढ्यात नवरात्र आलं. आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, पाने, हातोडे, सगळं आदल्या दिवशी घासूनपुसून लख्ख करायचं, नवमीला हळद-कुंकू वाहायचं आणि झेंडूच्या माळा घालायच्या. उस्ताद या पूजेत लांब उभा राहतो, पण आपल्या ग्राइंडरला सगळ्यात मोठी माळ मिळाली की नाही हे बघून घेतो. त्या वर्षी आदल्या दिवसाची घासपूस अण्णांनी आपणहून अंगावर घेतली. शुक्रवार होता. दुपारी उस्ताद आणि बाकीची माणसं नमाजाला गेली आणि आम्ही नवराबायको फुलं, पेढे आणायला शहरात निघालो. अण्णांपाशी घरून आणलेला चिंचेचा गोळा होता, समई आणि निरांजन घासायला. पितळेला चिंच लावायची हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

निघताना मी म्हटलं, “अण्णा, त्या गाडीला हात लावू नका हं.”

“मला कळत नाही का?” ते फिस्कारले.

आम्ही परत आलो तर अण्णा गाडीपाशी बादली घेऊन बसलेले, बाह्या कोपरापर्यंत वर, हातात काथ्या. टाकीखालचा पितळी पेट्रोल कॉक नव्या समईसारखा झळकत होता. पण नवऱ्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो कॉकसाठी नव्हता. टाकीच्या डाव्या अंगाला, दोन तळवे मावतील एवढ्या जागेतला वाळूचा रंग नाहीसा झाला होता. आणि त्याच्या खाली रंग होता तो शेवाळी.

अण्णांनी मान वर केली. डोळे भरलेले, नाकाला चिंच लागलेली.

“म्हणत नव्हतो मी?”

मला त्यांना रागवावंसं वाटत होतं आणि कवटाळावंसंही. नवरा खाली बसला, त्या डागावरून त्याने बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला की कारखान्यातून गाड्या हिरव्याच निघायच्या, वाळवंटात पाठवायच्या तेव्हा वरून हा हलका रंग मारायचे.

“म्हणजे दोघंही बरोबर,” मी म्हटलं.

“ते अरबाबला कोण सांगणार?” तो म्हणाला. “त्याने एकच गोष्ट मागितली होती.”

उस्ताद नमाजाहून परतला. त्याने डाग पाहिला, दाढी खाजवली आणि म्हणाला, “साहब, ऐसा रंग मिला के मारूँगा, उसका बाप भी नहीं पहचानेगा.” आणि आपण काय बोललो ते कळून त्याने लगेच जीभ चावली. नवऱ्याने मान हलवून नको म्हटलं आणि फोन लावला.

मी अण्णांना घरी सोडायला गेले आणि अरबाब मागाहून येऊन गेले. पुढचं मला नवऱ्याने सांगितलं. ते ओरडले नाहीत. राग आला की त्यांचा आवाज आणखी खाली जातो. त्यांनी डागावर तळवा ठेवला आणि म्हणाले, “खलास. सोमवार को गाड़ी ले जाएगा.” कुणी केलं हे त्यांनी विचारलं. नवऱ्याने ‘हमारे यहाँ ग़लती हुआ’ एवढंच सांगितलं.

घरी हे ऐकल्यावर अण्णा ताठ झाले. “माझं नाव नाही सांगितलंत?”

“कशाला उगाच, अण्णा.”

“जावईबापू, मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझी चूक अंगावर घ्यायला तुम्ही कोण?”

इतकं बोलून ते खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी पूजेला आले, पण कुंकवाचं ताट हातात घेतलं नाही. प्रत्येक यंत्राला मीच बोट लावत गेले. मागच्या शेडकडे ते फिरकले नाहीत. घरी मी चहा दिला, तो त्यांच्यासमोर निवत राहिला आणि मग त्यांनी तो थंडच पिऊन टाकला. मला रडू आलं. इतक्या वर्षांच्या माणसाने जन्मात एक गोष्ट मागितली होती, तीही नुसती ऐकायची, आणि ती त्याच्याच हातून निसटली होती.

त्याच दिवशी मॅग्नेटो आला. आम्ही वाट बघत होतो तोवर येत नव्हता, आणि आता आला! नवऱ्याने आणि उस्तादने रविवारी तो बसवला, कारण कबूल केलेलं काम अर्धवट ठेवून गाडी परत करणं दोघांच्याही स्वभावात नाही. पण चालू करून बघितली नाही. मालक हजर नसताना पहिली किक मारायची नाही, हा नवऱ्याचा नियम. मी म्हटलं, “अरे, आजच्या दिवस सोड ना नियम. अण्णांना आणते, एकदा ऐकू दे.” तो कासावीस झाला, पण ऐकलं नाही. “असं चोरून ऐकलेलं त्यांना तरी आवडेल का?” त्याने विचारलं. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

सोमवारी सकाळी अण्णा कडक इस्त्रीचा सदरा, कोट आणि पांढरी टोपी घालून दाराशी उभे. “मी येणार.” बाहेर चाळीसच्या घरात ऊन आणि यांचा कोट. गाडीत सगळा रस्ता ते पुटपुटत होते. आधी मला वाटलं स्तोत्र म्हणतायत, मग कळलं की हिंदी जुळवतायत.

अरबाब पिकअप आणि माणसं घेऊन आले. अण्णा खुर्चीवरून उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“शेठ, गाडी को हात मैंने लगाया. मेरे जमाई ने नहीं.”

अरबाबनी त्यांच्याकडे पाहिलं. बोटांतली माळ चालू होती.

“हमारा त्योहार था,” अण्णा म्हणाले. “त्योहार को हम सब चीज घासते हैं. पहला हात त्योहार का था. वो नल घासा, टाकी पे पानी उडा, मैंने पोंछा, तो थोडा रंग निकल गया. नीचे हरा दिखा. उसके बाद का हात मेरा था. मुझे मालूम था नहीं करना है. फिर भी किया.”

“क्यों किया?”

अण्णांनी सांगायला सुरुवात केली. पुण्याची छावणी, गाव, बुजलेले बैल इथपर्यंत हिंदी पुरली. पुढे ते मराठीत शिरले आणि त्यांना ते कळलंही नाही. मी शेजारी उभी राहून एकेक वाक्य हिंदीत करत गेले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण ओढ्यापाशी एक वाक्य मी दोनदा सांगितलं. उस्तादने मला पाणी आणून दिलं. अरबाबची माळ थांबली होती.

“इसी गाड़ी पे?” त्यांनी विचारलं.

मी त्या क्षणी हो म्हणून मोकळी झाले असते. अण्णा म्हणाले, “नहीं. ऐसी. ये नहीं.”

अरबाब खाली वाकले. डाग पाहिला, मग तो झळकणारा कॉक पाहिला, त्यावर नख वाजवलं. “ये किससे किया?”

“इमली.”

“मेरा माँ दल्ला चमकाता था, नींबू से,” ते म्हणाले. दल्ला म्हणजे इथली चोचीची पितळी कॉफीची किटली. “रोज़ चमकाता था. बाप बोलता था, बस कर, घिस जाएगा.” आणि ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. मग उभे राहत म्हणाले, “ये हरा रंग मेरे बाप ने भी नहीं देखा. अभी रहने दो ऐसा. इसके ऊपर कुछ मत मारो.”

नवऱ्याने हातातला फडका खांद्यावर टाकला.

“चालू होगा?” अरबाबनी विचारलं.

“मॅग्नेटो लगा दिया है,” नवरा म्हणाला. “किक नहीं मारा. आपके लिए रुका था.”

“तो यल्ला!”

उस्तादने पेट्रोल सोडलं, कार्बोरेटरची टिकली दाबून धरली, हँडलवरची छोटी दांडी मागे घेतली. पहिली किक फुकट. दुसरी, तिसरीही. चौथ्या किकला गाडी एकदा खोकली आणि निळा धूर सोडून गप्प झाली. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पुढची किक अरबाबनी स्वतः मारली, कंदुरा गुडघ्यापर्यंत खोचून, आणि गाडी सुरू झाली.

हल्लीच्या मोटरसायकलींसारखा तो आवाज नव्हता. संथ, भरीव, दोन ठोक्यांच्या मधे अंतर सोडणारा. फट, फट, फट. आपण नुसतंच म्हणतो फटफटी, पण ते नाव कुणीतरी हा आवाज ऐकूनच ठेवलं असणार. पत्र्याची शेड थरथरत होती. पुढच्या भागातली माणसं कामं टाकून दाराशी जमली. अण्णा हलले नाहीत. टोपी सरळ केली आणि शाळेत प्रार्थनेला उभे राहायचे तसे उभे राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी पुसलं नाही.

“बैठो, बाबा,” अरबाब सीटवर थाप मारून म्हणाले. “फोटो निकालते हैं.”

नवऱ्याने गाडी धरली. आम्ही सगळे वाट बघत होतो की अण्णा पाय टाकून सीटवर बसतील. अण्णांनी उस्तादकडे वळून विचारलं, “पोतं आहे का? बोरी, बोरी.” उस्तादने कोपऱ्यातलं तांदळाचं रिकामं पोतं आणून दिलं. अण्णांनी ते झटकलं, नीट चौपदरी घडी केली आणि मागच्या लोखंडी कॅरियरवर ठेवली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

“उधर नहीं, आगे बैठो,” अरबाब म्हणाले.

“आगे की जगह उनकी है,” अण्णा म्हणाले.

अरबाबनी पोत्यावरून हात फिरवला. गाडी चालूच होती. मग त्यांनी, स्वतःच्याच गाडीसाठी, हलक्या आवाजात विचारलं, “मैं बैठूँ?”

अण्णांनी, वर्गात उशिरा आलेल्या मुलाला द्यावी तशी, मान हलवून परवानगी दिली.

मी “अहो पडतील, गुडघे आहेत त्यांचे” असं काहीबाही ओरडत होते, पण माझं कोण ऐकतंय! नवऱ्याने आणि उस्तादने मिळून त्यांना उचलून पोत्यावर बसवलं. अण्णांनी दोन्ही हात अरबाबच्या खांद्यांवर ठेवले. शेडच्या मागे आमचं कंपाउंड आहे, शेवटाला पाइपांचा ढीग. गाडी माणसाच्या चालीने निघाली, एका बाजूने उस्ताद हात पुढे करून चालत होता, दुसऱ्या बाजूने नवरा. पांढरा कंदुरा आणि त्याच्या मागे पांढरी टोपी. टोपी सारखी इकडे वळत होती, तिकडे वळत होती. पाइपांच्या ढिगापाशी ते वळले आणि परत आले.

अरबाबनी गाडी बंद केली. अचानक इतकं शांत झालं की पलीकडच्या गल्लीतला ट्रक ऐकू आला. मी पुढे होऊन अण्णांना हात दिला. ते उतरले, पोतं काढून घेतलं, पुन्हा त्याची घडी केली आणि ते काखेत धरलं.

“कसं वाटलं, अण्णा?” मी विचारलं.

“छान,” ते म्हणाले. “सगळं नीट बघून घेतलं. मागच्या खेपेला काहीच दिसलं नव्हतं.”